अल्बर्ट श्वाइट्झर

अल्बर्ट श्वाइट्झर (जन्म : १४ जानेवारी १८७५, कायझर्सबर्ग, अल्सेस, मृत्यू : ४ सप्टेंबर १९६५, लांबारेने, गाबोन) हे धर्मशास्त्रज्ञ, तत्त्वचिंतक, ऑर्गनवादक आणि वैद्य होते. विषुववृत्ताजवळच्या गाबोन या तत्कालीन फ्रेंच वसाहतीत ओगोवे नदीच्या काठी त्यांनी १९१३ मध्ये धर्मादाय दवाखाना सुरू केला. पुढील बावन्न वर्षांत त्याचे मोठ्या रुग्णालयात रूपांतर झाले. जीवमात्राविषयी आदर हे सूत्र त्यांनी आपल्या नीतिविचाराच्या केंद्रस्थानी ठेवले. १९५२ सालचे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना देण्यात आले. विसाव्या शतकात निःस्वार्थ सेवेचे प्रतीक म्हणून त्यांचे नाव जगभर घेतले गेले; त्याच वेळी आफ्रिकी माणसाकडे पाहण्याच्या त्यांच्या पालकत्वाच्या दृष्टीवर गंभीर टीकाही झाली.

बालपण

श्वाइट्झर यांचा जन्म अल्सेस प्रांतातील कायझर्सबर्ग या गावी झाला. १८७०-७१ च्या युद्धानंतर हा प्रांत फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला होता. त्यामुळे जन्माने ते जर्मन नागरिक होते. मात्र घरात व परिसरात जर्मन आणि फ्रेंच या दोन्ही संस्कृतींचा वावर होता. वडील लुडविग श्वाइट्झर हे ल्यूथरन पंथाचे धर्मोपदेशक होते. आईचे नाव आडेल. अल्बर्ट काही महिन्यांचे असतानाच वडिलांची बदली मुन्स्टर खोऱ्यातील ग्युन्सबाख या गावी झाली. तेथेच त्यांचे बालपण गेले आणि पुढे आयुष्यभर युरोपातील त्यांचे घर म्हणजे ग्युन्सबाख असेच राहिले.

गावातील इतर मुलांपेक्षा आपल्याला चांगले अन्नवस्त्र मिळते याची बोच त्यांना लहानपणापासून होती. बरोबरीच्या मुलांना मिळत नाहीत असे कपडे अंगावर घालण्यास ते नकार देत आणि त्यावरून वडिलांचा मारही खात, असे त्यांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत नमूद केले आहे. प्राण्यांना होणारा त्रासही त्यांना सहन होत नसे.

ऑर्गनवादनाची आवड त्यांना आजोळकडून मिळाली. नऊ वर्षांचे असताना ते गावच्या चर्चमध्ये नेहमीच्या वादकाच्या जागी बसू लागले. १८८५ ते १८९३ या काळात म्युलहाउझन येथील विद्यालयात शिकत असताना ऑयगेन म्युंख यांनी त्यांना ऑर्गनचे शास्त्रशुद्ध शिक्षण दिले आणि योहान सेबास्टियन बाख यांच्या संगीताची ओळख करून दिली. १८९३ मध्ये पॅरिसमधील ख्यातनाम वादक शार्ल-मारी विदोर यांनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले.

शिक्षण व विद्वत्ता

१८९३ मध्ये श्वाइट्झर स्ट्रासबुर्ग विद्यापीठात दाखल झाले. धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे त्यांचे विषय होते. १८९९ मध्ये कांटच्या धर्मविषयक तत्त्वज्ञानावरील प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढील वर्षी त्यांनी धर्मशास्त्रातील पदवी घेतली आणि स्ट्रासबुर्गमधील सेंट निकोलस चर्चमध्ये ते प्रवचन करू लागले. १९०२ पासून ते विद्यापीठात अध्यापन करीत होते आणि १९०३ मध्ये धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या निवासी महाविद्यालयाचे प्रमुख झाले.

त्यांच्या लेखनाने लवकरच विद्वानांचे लक्ष वेधले. १९०५ मध्ये त्यांनी बाखवर फ्रेंच भाषेत ग्रंथ लिहिला. जर्मन वाचकांसाठी त्याचा केवळ अनुवाद न करता त्यांनी तो नव्याने आणि पुष्कळ विस्ताराने लिहिला; ही आवृत्ती १९०८ मध्ये निघाली. १९०६ मध्ये येशूच्या चरित्रविषयक संशोधनाचा इतिहास मांडणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आधीच्या अभ्यासकांनी आपापल्या काळाचे आदर्श येशूवर लादले असून, येशू हा जगाचा अंत नजीक आहे असे मानणाऱ्या ज्यू परंपरेतील पुरुष होता, असे प्रतिपादन त्यांनी केले. हा ग्रंथ नव्या कराराच्या अभ्यासात आजही महत्त्वाचा मानला जातो. ऑर्गनच्या बांधणीवरही त्यांनी पुस्तिका लिहिली आणि अनेक जुनी वाद्ये मोडीत निघण्यापासून वाचवण्यासाठी खटपट केली.

वैद्यकाकडे वळण

१८९६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, श्वाइट्झर यांनी एक निश्चय केला होता. वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत विद्या आणि कला यांसाठी जगावे व त्यानंतर माणसांची प्रत्यक्ष सेवा करावी, असा तो निश्चय होता. सेवेचे स्वरूप मात्र ठरलेले नव्हते. अनाथ मुले, बेघर माणसे आणि तुरुंगातून सुटलेले कैदी यांच्यासाठी काम करण्याचे त्यांनी काही प्रयत्न केले, परंतु त्यात त्यांचे मन स्थिरावले नाही.

१९०४ च्या शरद ऋतूत पॅरिस मिशन सोसायटीच्या नियतकालिकातील एक लेख त्यांच्या वाचनात आला. मध्य आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतीत माणसांची तीव्र कमतरता आहे, असे त्यात म्हटले होते. श्वाइट्झर यांचा शोध तेथे संपला. धर्मोपदेशक म्हणून नव्हे तर डॉक्टर म्हणून तेथे जायचे त्यांनी ठरवले. अनेक वर्षे आपण बोलण्याचे काम केले, आता न बोलता हातांनी काम करावे, अशी त्यांची भूमिका होती. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी आईवडिलांना व निकटच्या स्नेह्यांना आपला निर्णय कळवणारी पत्रे टपालात टाकली. बहुतेकांनी त्यांना वेड्यात काढले. युरोपात मान्यता पावलेल्या विद्वानाने तिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी होऊन दूरच्या अरण्यात जाणे, हा गुणांचा अपव्यय आहे असे त्यांना वाटत होते.

अध्यापन, प्रवचने आणि ऑर्गनवादन सांभाळून श्वाइट्झर यांनी वैद्यकाचा अभ्यास केला. १९११ च्या अखेरीस ते वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानंतर पॅरिसमध्ये त्यांनी उष्ण कटिबंधातील रोगांचे शिक्षण घेतले. येशूविषयी तत्कालीन मनोविकारतज्ज्ञांनी काढलेल्या निदानांचा प्रतिवाद करणारा त्यांचा वैद्यकीय प्रबंध १९१३ मध्ये पूर्ण झाला.

जून १९१२ मध्ये त्यांचा विवाह हेलेन ब्रेसलाऊ यांच्याशी झाला. हेलेन या इतिहासकार हॅरी ब्रेसलाऊ यांच्या कन्या होत्या. स्ट्रासबुर्गमध्ये त्यांनी समाजकार्य केले होते आणि पतीच्या नियोजित कार्यात भाग घेता यावा म्हणून परिचारिकेचे शिक्षण घेतले होते.

मिशन सोसायटीने मात्र त्यांचे सहज स्वागत केले नाही. त्यांचे धर्मविषयक विचार परंपरेला सोडून आहेत, असा आक्षेप होता. आपण केवळ डॉक्टर म्हणून काम करू, प्रवचन करणार नाही आणि संस्थेवर खर्चाचा भार टाकणार नाही, असे आश्वासन श्वाइट्झर यांनी दिले. त्यासाठी लागणारा पैसा त्यांनी स्वतः उभा केला. विद्यापीठातील सहकारी, सेंट निकोलस चर्चमधील मंडळी, अल्सेसमधील धर्मोपदेशक आणि स्नेही यांच्या दारी ते गेले. पॅरिस बाख सोसायटीने त्यांच्यासाठी संगीताचा कार्यक्रम केला. औषधे, उपकरणे व इतर सामान अशा सत्तर पेट्या भरून पाठवण्यात आल्या.

लांबारेने येथील पहिला दवाखाना

श्वाइट्झर दाम्पत्य २१ मार्च १९१३ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, ग्युन्सबाख सोडून निघाले आणि १६ एप्रिल रोजी लांबारेने येथे पोहोचले. हे ठिकाण विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस, ओगोवे नदीच्या काठी आहे. सभोवार दाट अरण्य व दलदल असल्याने दळणवळणाचा मार्ग नदी हाच होता. या भागात गालोआ आणि फांग लोकांची वस्ती होती. ओकुमे या झाडाच्या लाकडाचा व्यापार हा तेथील मुख्य उद्योग होता.

डॉक्टर आल्याची वार्ता नदीच्या दोन्ही अंगांना पसरली आणि रुग्णालयाची इमारत उभी राहण्यापूर्वीच रुग्णांची रीघ लागली. आरंभी घरासमोर उघड्यावर तपासणी चाले. दररोज दुपारी येणाऱ्या वादळी पावसामुळे ते अशक्य झाले, तेव्हा मिशनमधील कोंबड्यांचे जुने खुराडे साफ करून त्याला चुना लावण्यात आला. खिडक्या नसलेली, फुटक्या छपराची ती खोली म्हणजे लांबारेनेचा पहिला दवाखाना होय. छपरातून ऊन येत असल्याने डॉक्टरांना आतही डोक्यावर टोपी ठेवावी लागे. १९१३ च्या शरद ऋतूत पन्हळी पत्र्यांची इमारत तयार झाली. तीत तपासणीची व शस्त्रक्रियेची अशा सुमारे ४ मीटर लांबी-रुंदीच्या दोन खोल्या आणि औषधे ठेवण्यासाठी व उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी लहान जागा होत्या. त्यानंतर रुग्णांसाठी झोपड्या बांधण्यात आल्या.

पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे २,००० रुग्णांवर उपचार झाले. हिवताप, आमांश, निद्रारोग, कुष्ठरोग, हत्तीरोग, हृदयविकार आणि चिघळलेले व्रण हे नेहमी आढळणारे रोग होते. अंतर्गळाचे प्रमाणही फार होते. अंतर्गळात आतडे अडकून पडल्यास तातडीच्या शस्त्रक्रियेवाचून रोगी असह्य वेदना भोगत काही दिवसांत मरतो. या भागात असे मृत्यू सर्वांच्या परिचयाचे होते. त्यामुळे अशा रोग्याला भूल देऊन, पोट उघडून वाचवता येते हे लोकांनी पाहिले तेव्हा दवाखान्याची कीर्ती दूरवर गेली. अशी पहिली शस्त्रक्रिया ऑगस्ट १९१३ मध्ये मिशनच्या मुलांच्या वसतिगृहातील एका खोलीत झाली. भूल देण्याचे काम हेलेन करीत असत. गालोआ लोक श्वाइट्झर यांना ओगांगा, म्हणजे मंत्रतंत्र जाणणारा वैद्य, असे म्हणत.

त्यांचे पहिले आफ्रिकी सहकारी जोसेफ अझोवानी हे होत. ते पूर्वी स्वयंपाकी होते आणि त्यांना अनेक स्थानिक भाषा व फ्रेंच येत असे. दुभाषा व मदतनीस म्हणून त्यांचा मोठा उपयोग झाला. रोग्याच्या शरीराचे भाग ते स्वयंपाकघरातील मांसाच्या तुकड्यांच्या नावांनी सांगत. स्थानिक चालीरीती आणि रुग्णांची मानसिकता यांविषयी श्वाइट्झर यांना त्यांच्याकडून पुष्कळ शिकता आले.

कामाची पद्धत

रुग्ण ओंडके कोरून केलेल्या होड्यांतून, प्रसंगी २०० ते ३०० किलोमीटर अंतरावरून येत. बरोबर आप्तही असत. परक्या जमातीच्या माणसाने शिजवलेले अन्न खाण्यास अनेकांची तयारी नसे आणि एकटे पडण्याची भीतीही मोठी असे. म्हणून श्वाइट्झर यांनी युरोपीय पद्धतीचे रुग्णालय न बांधता गावासारखी रचना स्वीकारली. रोग्याचे नातेवाईक त्याच्याजवळ राहत, चूल मांडून अन्न शिजवत आणि त्याची शुश्रूषा करीत. रोज सकाळी दवाखान्याचे नियम स्थानिक भाषांत मोठ्याने सांगितले जात. औषधाच्या बाटल्या व डबे परत आणावेत, हा त्यांतील एक महत्त्वाचा नियम होता. दमट हवेत औषधे टिकवण्यासाठी काचेच्या बाटल्या व पत्र्याचे डबे आवश्यक असत आणि ते युरोपातून येत.

प्रत्येक रोग्याला क्रमांक लिहिलेली पुठ्ठ्याची चकती दोऱ्यात ओवून गळ्यात घालण्यासाठी देण्यात येई. नोंदवहीत त्याच क्रमांकापुढे रोग्याचे नाव, निदान आणि दिलेले औषध लिहिलेले असे. त्यामुळे रोगी कित्येक महिन्यांनी परत आला तरी त्याचा पूर्वेतिहास लगेच सापडे. उपचार विनामूल्य होते. परंतु ज्यांना शक्य असेल त्यांनी केळी, कसावा, अंडी, कोंबड्या किंवा श्रम या रूपाने काही द्यावे, अशी अपेक्षा असे. आपल्याला मिळालेल्या मदतीचा खर्च कोणीतरी सोसतो याची जाणीव रुग्णांना राहावी, हा त्यामागील हेतू होता.

उपचारांची साधने त्या काळानुसार मर्यादित होती. निद्रारोगाचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तपासून करावे लागे आणि त्यात बराच वेळ जाई. त्यावर दिले जाणारे अटॉक्सिल हे औषध प्रमाण चुकल्यास दृष्टी घालवू शकत असे. कुष्ठरोगावर पूर्वेकडील देशांतून येणारे चालमोगऱ्याचे तेल वापरले जाई. अधिक गुणकारी औषधे पुढील दशकांत उपलब्ध झाली.

महायुद्ध आणि बंदिवास

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. फ्रेंच वसाहतीतील जर्मन नागरिक म्हणून श्वाइट्झर दाम्पत्याला त्यांच्याच घरात नजरकैदेत ठेवण्यात आले आणि रुग्णांना भेटण्यास मनाई करण्यात आली. काही महिन्यांनी ही बंदी शिथिल झाली, परंतु युरोपातून येणारी मदत आटली होती. दवाखाना कर्जात गेला. वेतनात कपात करावी लागली तेव्हा जोसेफ यांनीही काम सोडले.

सक्तीच्या रिकामपणात श्वाइट्झर यांनी संस्कृतीच्या ऱ्हासाविषयी लिहिण्यास प्रारंभ केला. सुसंस्कृत म्हणवणारी राष्ट्रे परस्परांचा संहार करीत असताना नीतीला पक्का आधार कोणता, हा प्रश्न त्यांना छळत होता. सप्टेंबर १९१५ मध्ये एका आजारी महिलेला पाहण्यासाठी ते नदीमार्गाने निघाले होते. प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी, सूर्यास्ताच्या वेळी, त्यांची नौका पाणघोड्यांच्या कळपातून जात असताना जीवमात्राविषयी आदर ही संकल्पना त्यांना सुचली. जगण्याची इच्छा असणाऱ्या असंख्य जिवांमध्ये आपणही जगू इच्छिणारा एक जीव आहोत, ही जाणीव नीतीचा पाया होय; म्हणून जीवनाचे रक्षण व संवर्धन करणे हे चांगले आणि त्याचा नाश करणे हे वाईट, असा त्यांच्या विचाराचा सारांश आहे.

सप्टेंबर १९१७ मध्ये त्या दोघांना युद्धकैदी म्हणून फ्रान्सला नेण्यात आले. गारेझाँ आणि सेंट-रेमी येथील छावण्यांत त्यांना ठेवण्यात आले. जुलै १९१८ मध्ये ते अल्सेसला परतले तेव्हा दोघांचीही प्रकृती ढासळली होती. दरम्यान १९१६ मध्ये त्यांच्या आईचा रस्त्यात लष्करी घोड्यांखाली सापडून मृत्यू झाला होता. १४ जानेवारी १९१९ रोजी, वडिलांच्याच वाढदिवशी, त्यांची कन्या ऱ्हेना हिचा जन्म झाला. युद्धानंतर अल्सेस फ्रान्सकडे गेल्याने श्वाइट्झर फ्रेंच नागरिक झाले.

लांबारेनेचे कर्ज फेडणे हा आता मोठा प्रश्न होता. स्वीडनचे आर्चबिशप नाथन सोडरब्लोम यांच्या निमंत्रणावरून १९२० मध्ये त्यांनी उप्साला येथे व्याख्याने दिली. त्यानंतर स्वीडनमध्ये केलेल्या व्याख्यानांतून व ऑर्गनवादनातून पैसा उभा राहिला. १९२१ मध्ये लांबारेनेतील अनुभवांवरील त्यांचे पुस्तक निघाले. ते अनेक भाषांत गेले आणि ओगोवेच्या काठचा हा दवाखाना सर्वत्र परिचित झाला. १९२३ मध्ये संस्कृतीच्या तत्त्वज्ञानावरील त्यांचे दोन खंड प्रसिद्ध झाले.

नवे रुग्णालय

१९ एप्रिल १९२४ रोजी श्वाइट्झर लांबारेने येथे परत आले. क्षयाने ग्रासलेल्या हेलेन यांना उष्ण हवा मानवणारी नव्हती. त्या मुलीसह युरोपात राहिल्या. या कार्याची मोठी किंमत पत्नी व मुलीनेही मोजली. पुढील अनेक वर्षे पतिपत्नींचा सहवास अधूनमधूनच घडला.

साडेसहा वर्षांत जुन्या दवाखान्याचा बहुतेक भाग अरण्याने गिळला होता. सकाळी डॉक्टर आणि दुपारी गवंडी व सुतार, असा श्वाइट्झर यांचा दिनक्रम सुरू झाला. लवकरच युरोपातून मदत आली. परिचारिका माटिल्डे कोटमान आणि डॉ. व्हिक्टर नेसमान १९२४ मध्ये, तर डॉ. मार्क लाउटरबुर्ग आणि एम्मा हाउसक्नेख्ट १९२५ मध्ये दाखल झाले.

१९२५ मध्ये दुष्काळ आणि आमांशाची साथ एकाच वेळी आली. दुष्काळाचे एक कारण लाकडाचा व्यापार हे होते. गावोगावचे पुरुष वृक्षतोडीच्या मजुरीवर गेल्याने केळी व कसाव्याची लागवड मागे पडली होती आणि लोक बाहेरून येणाऱ्या तांदळावर अवलंबून झाले होते. आमांशाचे रोगी वेगळे ठेवण्यास जागा नसल्याने इतर आजारांसाठी आलेल्या रोग्यांनाही लागण होत होती. मिशनच्या आवारात विस्ताराला वाव नव्हता. तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला सुमारे ३ किलोमीटरवर, आदोलिनानोंगो येथे, नवे रुग्णालय बांधण्याचे श्वाइट्झर यांनी ठरवले. ही जागा पूर्वी न्कोंबे या गालोआ राजाच्या वास्तव्याची होती.

पुढील सुमारे दीड वर्ष वैद्यकीय काम मुख्यतः सहकाऱ्यांवर सोपवून श्वाइट्झर स्वतः बांधकामावर मुकादम झाले. रोग्यांचे धडधाकट नातेवाईक मजूर म्हणून काम करीत व त्यांना त्याबदली अन्न दिले जाई. झाडे तोडून जमीन मोकळी करण्यात आली. नदीला पूर आला तरी पाणी आत येऊ नये म्हणून इमारती कठीण लाकडाच्या खांबांवर उभारण्यात आल्या. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ डोक्यावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो. इमारतींची लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्याने लांब भिंतींवर थेट ऊन पडत नसे आणि खोल्या थंड राहत. साथीच्या रोग्यांसाठी व मनोरुग्णांसाठी स्वतंत्र जागा ठेवण्यात आल्या. जानेवारी १९२७ मध्ये रुग्णांना होड्यांतून नव्या ठिकाणी हलवण्यात आले. पाऊस न गळणाऱ्या छपराखाली, लाकडी तळ असलेल्या जागेत राहण्याची सोय त्यांना प्रथमच मिळाली. रुग्णालयाभोवती फळझाडे व भाजीपाला लावण्यात आला. फळे इतकी विपुल व्हावीत की कोणी ती घेतल्यास चोरी ठरू नये, अशी श्वाइट्झर यांची इच्छा होती.

१९२८ मध्ये त्यांना फ्रांकफुर्ट शहराचे गटे पारितोषिक मिळाले. त्या रकमेतून त्यांनी ग्युन्सबाख येथे घर बांधले. लांबारेनेसाठी येणाऱ्या-जाणाऱ्या सहकाऱ्यांचे ते विश्रांतिस्थान व पत्रव्यवहाराचे केंद्र झाले. रुग्णालयाचा खर्च व्याख्याने, ऑर्गनवादन, ध्वनिमुद्रिका, ग्रंथांचे मानधन आणि देशोदेशींच्या लहान-मोठ्या देणग्या यांतून भागत असे.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ

जानेवारी १९३९ मध्ये श्वाइट्झर सुटीसाठी युरोपकडे निघाले. वाटेत युद्ध अटळ असल्याची त्यांची खात्री झाली आणि ते लगेच त्याच बोटीने परत फिरले. त्यानंतर १९४८ पर्यंत त्यांनी आफ्रिका सोडली नाही. १९४० मध्ये लांबारेनेच्या ताब्यासाठी स्वतंत्र फ्रान्सचे सैन्य आणि विशी सरकारचे सैन्य यांच्यात लढाई झाली. मात्र दोन्ही बाजूंच्या सेनाधिकाऱ्यांनी रुग्णालयावर बॉम्ब न टाकण्याचे आदेश दिले होते. १९४१ मध्ये हेलेन युद्धग्रस्त युरोपातून लिस्बन व अंगोलामार्गे लांबारेने येथे पोहोचल्या आणि १९४६ पर्यंत तेथे राहिल्या. औषधांचा तुटवडा असताना १९४२ पासून अमेरिकेतून आलेल्या मदतीने रुग्णालय तग धरून राहिले.

कुष्ठरोग्यांची वसाहत व नोबेल पारितोषिक

१९४० च्या दशकात कुष्ठरोगावर सल्फोन गटातील औषधे उपलब्ध झाली. उपचार दीर्घकाळ चालत असल्याने रोग्यांच्या कायम निवासाची सोय करणे आवश्यक झाले. १९५२ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना १९५३ मध्ये जाहीर झाले. त्या पैशाचा विनियोग त्यांनी रुग्णालयाजवळ कुष्ठरोग्यांचे गाव पूर्ण करण्यासाठी केला. नोव्हेंबर १९५४ मध्ये ऑस्लो येथे त्यांनी शांततेच्या प्रश्नावर नोबेल व्याख्यान दिले.

आयुष्याच्या उत्तरार्धात अण्वस्त्रांचा धोका हा त्यांच्या चिंतेचा विषय बनला. २३ एप्रिल १९५७ रोजी ऑस्लो नभोवाणीवरून त्यांचे निवेदन प्रसारित झाले. अणुचाचण्यांतून पसरणाऱ्या किरणोत्सर्गी द्रव्यांचे पुढील पिढ्यांवर होणारे परिणाम त्यात सांगितले होते व चाचण्या थांबवण्याची मागणी केली होती. १९५८ मध्ये आणखी तीन निवेदने प्रसारित झाली. १९६३ मध्ये चाचण्यांवर अंशतः बंदी घालणारा करार झाला, तेव्हा त्यांनी त्याचे स्वागत केले.

भारतीय विचाराशी संबंध

भारतीय तत्त्वज्ञानात श्वाइट्झर यांना तरुणपणापासून रस होता. १९३५ मध्ये भारतीय विचारवंतांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. उपनिषदे, जैन व बौद्ध मते, भगवद्गीता यांपासून महात्मा गांधी व रवींद्रनाथ टागोर यांच्यापर्यंतचा विचार त्यांनी त्यात घेतला आहे. अहिंसेच्या तत्त्वाचा, विशेषतः जैन परंपरेतील त्याच्या मांडणीचा, त्यांनी गौरव केला. परंतु भारतीय विचारात जगाकडे पाठ फिरवण्याची प्रवृत्ती प्रबळ आहे, असेही मत मांडले. या मताचा प्रतिवाद सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी १९३९ मधील आपल्या ग्रंथात केला. मराठीत श्वाइट्झर यांचे चरित्र सुमती देवस्थळे यांनी लिहिले आहे.

टीका

श्वाइट्झर यांच्या हयातीतच त्यांच्या कार्यावर टीका सुरू झाली होती. युरोपीय माणूस हा आफ्रिकी माणसाचा थोरला भाऊ आहे, अशी भूमिका त्यांनी आपल्या लेखनात घेतली होती. वसाहतवादातील अन्याय त्यांना दिसत होता आणि गोऱ्या लोकांनी केलेल्या अत्याचारांचे प्रायश्चित्त म्हणून आपण सेवा करतो, असे ते मानत. परंतु वसाहतींनी लवकर स्वतंत्र व्हावे हे त्यांना पटत नव्हते. अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९४५ मधील गौरवग्रंथात लिहिताना, आफ्रिकेच्या शोषणामागील आर्थिक व्यवस्था श्वाइट्झर यांनी पुरेशी ओळखली नाही, अशा आशयाचे मत मांडले. नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी पुढे त्यांच्या थोरल्या भावाच्या भूमिकेवर कठोर टीका केली.

दुसरा आक्षेप रुग्णालयाविषयी होता. १९५० च्या दशकात आलेल्या अनेक पाहुण्यांना तेथील अस्वच्छता, मोकाट फिरणारे प्राणी व आधुनिक सोयींचा अभाव खटकला. गावासारखी रचना हीच रुग्णांना आपलीशी वाटते, असे श्वाइट्झर यांचे उत्तर असे. १९१३ मध्ये ही पद्धत परिस्थितीला अनुरूप होती, हे टीकाकारांपैकी अनेकांना मान्य होते. काळ बदलला तरी ती फारशी बदलली नाही, हा त्यांचा मुद्दा होता. आफ्रिकी डॉक्टर व परिचारिका घडवण्याला आणि अधिकाराची पदे त्यांच्याकडे सोपवण्याला त्यांनी प्राधान्य दिले नाही, हा आक्षेप अधिक मूलगामी आहे.

अखेरची वर्षे व वारसा

१ जून १९५७ रोजी हेलेन यांचे झुरिक येथे निधन झाले. त्यांच्या अस्थी लांबारेने येथे पुरण्यात आल्या. १७ ऑगस्ट १९६० रोजी गाबोन स्वतंत्र झाला आणि श्वाइट्झर तेथेच काम करीत राहिले. १९६३ च्या सुमारास रुग्णालयात सुमारे ३५० रुग्ण आपल्या आप्तांसह आणि कुष्ठरोग्यांच्या गावात सुमारे १५० रुग्ण राहत होते. ४ सप्टेंबर १९६५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लांबारेने येथे श्वाइट्झर यांचे निधन झाले. रुग्णालयाच्या आवारात, ओगोवे नदीच्या काठी, पत्नीशेजारी त्यांना दफन करण्यात आले. त्यांच्या थडग्यावर त्यांनी स्वतः तयार केलेला साधा क्रूस आहे.

त्यांच्यानंतर रुग्णालयाची वैद्यकीय जबाबदारी स्विस डॉक्टर वॉल्टर मुन्झ यांनी, तर व्यवस्थापन कन्या ऱ्हेना यांनी सांभाळले. १९७० च्या दशकात हे काम आंतरराष्ट्रीय न्यासाकडे आले आणि गाबोन सरकारही त्याच्या खर्चात वाटा उचलू लागले. १९८१ मध्ये जुन्या इमारतींच्या शेजारी नवे रुग्णालय सुरू झाले. जुन्या रुग्णालयाचा काही भाग संग्रहालय म्हणून जतन करण्यात आला आहे. त्याच सुमारास तेथे वैद्यकीय संशोधनाचेही काम सुरू झाले. हिवतापावरील आर.टी.एस.,एस. या लशीच्या चाचण्या ज्या आफ्रिकी केंद्रांत झाल्या, त्यांपैकी लांबारेने हे एक होते. ज्या रोगाचे रुग्ण १९१३ मध्ये खुराड्यातील दवाखान्यापुढे रांग लावत होते, त्या रोगाच्या प्रतिबंधाचे संशोधन आज त्याच आवारात गाबोनी शास्त्रज्ञांच्या सहभागाने चालते.